ख्याल रेकॉर्ड करायचाय: टेप कोणती घ्यावी, आणि डॉल्बी की डीबीएक्स?

खर्जाची_तार (मिरज)

मिरजेतल्या एका छोट्या हॉलमध्ये ख्यालगायन थेट टेपवर घ्यायचं आहे, दोन ट्रॅक स्टीरिओ. पुरुष गायक, पट्टी काळी एक (षड्ज पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर). मिरजेचेच दोन तानपुरे, पेटी आणि तबला. मशीन रिव्हॉक्स बी-७७, हाफ ट्रॅक (टेपच्या रुंदीत दोनच ट्रॅक), सेकंदाला १९ आणि ३८ सेंमी वेगाचं. हेड चांगली आहेत, सर्व्हिसिंग झालेलं आहे. एक राग विलंबित आणि द्रुत धरून साधारण ५० मिनिटं चालेल.

प्रश्न असे:

१) नवीन टेप मागवायची तर एसएम ९११, एसएम ९००, एसएम ४६८ आणि एलपीआर ३५ असे पर्याय दिसतात. यातली कोणती?

२) अँपेक्स ४५६ ची न उघडलेली जुनी रिळं जवळजवळ फुकट मिळतायत. वापरावीत का?

३) नॉइज रिडक्शनसाठी (टेपची खरखर कमी करायला) डीबीएक्स १५०एक्स आणि डॉल्बी ३६३ ही दोन्ही युनिट्स काही दिवसांसाठी मिळू शकतात. आलापात मागे टेपची खरखर नको, पण तानपुऱ्याची जवारीही (तारांची झणझणती गुंज) मरायला नको.

ओव्हरबायस

टेपच्या जातीकडे नंतर येऊ. आधी घड्याळ बघा, कारण तुमचा खरा घोळ तिथे आहे.

२६.५ सेंमीच्या रिळावर नेहमीच्या जाडीची टेप ७६२ मीटर बसते. ३८ च्या वेगाने ती ३३ मिनिटांत संपते, म्हणजे विलंबित ऐन भरात आलेला असताना रीळ रिकामं. १९ वर तीच टेप ६६ मिनिटं जाते. एलपीआर ३५ पातळ आहे, ३५ मायक्रॉन, म्हणून त्याच रिळावर ११०० मीटर मावते: ३८ वर ४८ मिनिटं, १९ वर ९६. तुमचा राग ५० मिनिटांचा. एलपीआर ३५ घेऊन ३८ वर जायचं तर बुवांना अगोदर सांगून ४५ मिनिटांत आटपायला हवं. ते जमणार नसेल तर १९ वर नेहमीच्या जाडीची टेप.

आता टेप. एसएम ९०० सोडून द्या. ती जास्त लेव्हल सोसणारी टेप आहे, पण तिला बायसही (आवाज टेपवर नीट उमटावा म्हणून सोबत दिला जाणारा उच्च फ्रीक्वेन्सीचा करंट) तितकाच जास्त लागतो. बी-७७ वर बायसचा ट्रिमर टोकापर्यंत फिरवूनही ओव्हरबायस पुरेसा मिळत नाही अशी वेळ येऊ शकते, आणि मग वरचे स्वर चरचरीत आणि विकृती जास्त. या टेपा मोठ्या स्टुडिओ मशीनसाठी आहेत. शिवाय तानपुरा आणि ख्यालाला टेप ठोकून भरायचीच नाही, त्यामुळे तिचा जो फायदा आहे तो तुमच्या कामाचा नाही.

उरल्या तीन. ९११ ही सगळीकडे चालणारी, ४५६ च्या जागी बसणारी टेप. ४६८ ची लेव्हल सोसण्याची ताकद तिच्याहून थोडी कमी, पण प्रिंट-थ्रू कमी, आणि ख्यालात तीच गोष्ट मोलाची आहे. प्रिंट-थ्रू असा: रिळावर एकावर एक बसलेल्या वेढ्यांत मोठा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो. ३८ वर २६.५ च्या रिळात बाहेरच्या वेढ्याला सव्वादोन सेकंद लागतात, आतल्याला सेकंदभर. म्हणजे शांत तानपुऱ्यावर गायकाचा पहिला षड्ज यायच्या सेकंद-दोन सेकंद आधी त्याचं भूत ऐकू येतं. पॉप गाण्यात हे कुणाला कळत नाही. आलापाच्या सुरुवातीला कळतं. पातळ टेपवर ते वाढतं, एलपीआर ३५ ची किंमत ती.

माझा कौल: वेळ बसत असेल तर ३८ आणि एलपीआर ३५, रीळ टेल-आउट (टेपचा शेवट बाहेरच्या बाजूला) ठेवायचं. नसेल तर १९ आणि ४६८ किंवा ९११.

कोणतीही घ्या, मशीन त्या टेपला लावून घेतल्याशिवाय रेकॉर्ड करू नका. क्रम असा:

आधी हेड, गाइड आणि कॅप्स्टन ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसा, मग डीमॅग्नेटाइझ करा. डीमॅग्नेटायझर चालू-बंद करताना तो मशीनपासून हातभर लांब असावा, आणि त्या वेळी मशीनचा स्विच बंद. मग कॅलिब्रेशन टेप (ठरलेल्या लेव्हलचे स्वर भरलेली मापाची टेप) लावून प्लेबॅक लेव्हल, ॲझिमथ (हेडचा टेपशी काटकोन) आणि प्लेबॅक ईक्यू (वरच्या-खालच्या स्वरांचा समतोल). ॲझिमथ आधी १ किलोहर्ट्झवर जुळवा, मगच १० किंवा १५ वर. थेट वरच्या फ्रीक्वेन्सीवर सुरुवात केली तर खोट्या शिखरावर थांबण्याची शक्यता असते.

मग नवी टेप लावून १० किलोहर्ट्झ, शून्याच्या २० डीबी खाली, रेकॉर्ड करत प्लेबॅक हेडवरून मीटर बघा. बायस कमीवरून वाढवत न्या. आउटपुट चढेल, शिखर गाठेल, मग उतरू लागेल. ३८ वर साधारण ३ डीबी उतरू द्या, १९ वर ५ ते ६. अचूक आकडा टेपच्या डेटाशीटमध्ये हेडच्या गॅपप्रमाणे दिलेला असतो, तो पाळा. त्यानंतर रेकॉर्ड ईक्यू सपाट करायचा आणि शेवटी रेकॉर्ड लेव्हल. हा क्रम उलटा केला तर सगळं परत करावं लागतं, कारण बायस बदलला की बाकी दोन्ही हलतात. बी-७७ मध्ये प्रत्येक वेगाला आणि प्रत्येक चॅनलला वेगळं ट्रिमिंग आहे, दोन्ही वेग वापरणार असाल तरच दोन्ही करा.

शून्य व्हीयू (लेव्हल मीटरचा शून्य) २५० नॅनोवेबर प्रति मीटरवर (टेपवरच्या चुंबकीकरणाचं माप) ठेवा. तबल्याच्या किनारीचा 'ना' व्हीयूच्या काट्याला दिसतच नाही, तो दहा डीबी वर जाऊन येतो आणि काटा तोवर हललेलाही नसतो. पीक एलईडी लागला की समजायचं, लेव्हल जास्त झाली.

सूतजवारी

वरचं सगळं मान्य. नॉइज रिडक्शनबद्दल मात्र माझं पहिलं म्हणणं असं की ३८ वर जाणार असाल तर लावूच नका.

हिशेब करून बघा. हॉलमध्ये पंखा चालू असेल तर खोलीचाच आवाज ३५ ते ४० डीबी असतो. गायकाच्या तोंडासमोर फूटभरावर असलेल्या माइकला तारसप्तकात ९५ ते १०० डीबी मिळतात. म्हणजे माइककडून येणारा पल्लाच (सर्वांत हळू ते सर्वांत मोठा आवाज) साठच्या आसपास. हाफ ट्रॅकचं ३८ सेंमी वेगाचं चांगलं लावलेलं मशीन पासष्टच्या आसपास देतं. टेपची खरखर पंख्याच्या खाली गेली, मग तिला आणखी दाबून काय मिळणार? आधी पंखे बंद करा, ट्यूबलाइटचे चोक गुणगुणतात ते बंद करा, मग कान लावा.

आता डीबीएक्स. १५०एक्स टाइप वन आहे, ओपन रीलला तोच योग्य, टाइप टू कॅसेटसाठी. दोघांच्या टेपा एकमेकांवर चालत नाहीत. तो सगळ्या आवाजाचा पल्ला निम्मा करून टेपवर घालतो आणि परत येताना दुप्पट करतो. ३० डीबीपर्यंत खरखर जाते, त्याबद्दल वाद नाही. पण परत येताना मशीनची प्रत्येक चूकही दुप्पट होते. ३८ च्या वेगावर खालच्या पट्ट्यात, साधारण ४० ते ८० हर्ट्झच्या दरम्यान, हेडमुळे एक-दोन डीबीचा फुगा येतो. काळी एकच्या खर्जाची तार ६९ हर्ट्झवर बोलते. नेमकी त्याच फुग्यात. २ डीबीचा फुगा ४ चा झाला की खर्ज पुढे येतो, आणि डग्ग्याची घुमक आली की अख्खा तानपुरा वरखाली श्वास घेतो. कारण डीबीएक्स सगळा आवाज एकाच मोजमापाने उचलतो-उतरवतो, पट्टे वेगळे नाहीत. डग्ग्याच्या खालच्या आवाजामागे वरची खरखर झाकली जात नाही. घुमकेबरोबर 'सुस्स' असा फुंकारा येतो, घुमक संपली की जातो. सलग खरखर एकवेळ कान विसरतो, येणारी-जाणारी खरखर विसरत नाही.

कॅसेटवरच्या चार ट्रॅकच्या मशीनला डीबीएक्सचा मोठा आधार होता, तिथे तो हवाच. तुमच्याकडे तशी अडचण नाही.

साताऱ्याचा_डग्गा

सूतजवारी साहेब, डीबीएक्सबद्दल शंभर टक्के. पण "लावूच नका" याला माझा विरोध आहे, कारण तुम्ही पंखा चालू धरून हिशेब केलात. पहाटेची बैठक, पंखे बंद, दारं लावलेली, तर खोली २५ डीबीपर्यंत खाली जाते आणि सुरुवातीचा खर्जातला आलाप कुजबुजीइतका हळू असतो. तिथे खरखर ऐकू येते. आणि ओव्हरबायस यांचा घड्याळाचा मुद्दा धरला तर ५० मिनिटांसाठी माणूस १९ वर येणार, म्हणजे आणखी ३ डीबी गेले. नुसतं गाणं ४५ मिनिटांत आटपा म्हणणं सोपं आहे हो, बुवांना कोण सांगणार?

३६३ हाताशी आहे तर त्याचा एसआर (डॉल्बीची नंतरची पद्धत) वापरा. १९८६ चं तंत्र आहे, २४ डीबीपर्यंत खरखर काढतं. डीबीएक्सपेक्षा फरक हा, की तो मोठ्या आवाजाला सहसा हात लावत नाही. फक्त हळू आवाज उचलून टेपवर घालतो आणि परत येताना खाली बसवतो, तेही वेगवेगळ्या पट्ट्यांत आणि सरकत्या पट्ट्यांत. डग्गा वाजला म्हणून जवारीच्या वरच्या स्वरांना धक्का लागत नाही. आणखी एक लाभ म्हणजे प्रिंट-थ्रूचं भूतही टेपवरच तयार झालेलं असल्यामुळे शांत जागी खरखरीबरोबर तेही खाली जातं. पहिल्या षड्जाआधीची पूर्वछाया ज्यांना छळते त्यांनी याचा विचार करावा. डॉल्बीच्या जुन्या ए-टाइप पद्धतीने १० डीबी, अगदी वर १५ पर्यंत मिळतात. ३८ वर तेवढं पुरतं. १९ वर एसआर.

मात्र लेव्हल जुळली पाहिजे. डीबीएक्सला लेव्हल चुकली तरी फारसं बिघडत नाही, फक्त सगळं मोठं किंवा लहान येतं. डॉल्बीला दीड-दोन डीबीची चूक झाली की तानपुऱ्याचा वरचा भाग मंद होतो किंवा उगाच कर्कश. तेव्हा:

मशीन आधी पूर्ण लावून घ्या, त्याच टेपवर. डॉल्बी लावून मग बायस फिरवायचा नाही. ३६३ ची लेव्हल व्यावसायिक, बी-७७ चं आउटपुट आरसीएचं (घरगुती, कमी लेव्हलचं). मध्ये लेव्हल जुळवणारा बफर घाला. आरसीए-एक्सएलआर केबल करून चिकटवलं की हम येतो आणि लेव्हलही कमी पडते. मग रेकॉर्ड करून परत आलेली १ किलोहर्ट्झची लेव्हल आत गेलेल्या लेव्हलइतकीच आहे ना बघा, फरक पाव डीबीच्या आत आणा, दोन्ही चॅनलला. एसआरला प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला डॉल्बी नॉइज (युनिटमधूनच निघणारा जुळवणीचा आवाज) तीसेक सेकंद टाका, त्यात दर दोन सेकंदांनी बारीक खंड असतो त्यावरून ओळखता येतो. वाजवताना युनिट टेपवरचा नॉइज आणि स्वतःचा नॉइज आलटून पालटून ऐकवतं. दोन्ही एकसारखे वाटले की जुळलं. रंगात फरक वाटला तर लेव्हल नाही, ॲझिमथ किंवा ईक्यू गेलाय.

३६३ एका वेळी एकतर डॉल्बी घालतं नाहीतर काढतं. रेकॉर्ड करताना प्लेबॅक हेडवरून ऐकाल ते कच्चं, दाबलेलं ऐकू येईल, सगळं चमचमीत आणि जवळ आल्यासारखं. घाबरून ईक्यूला हात लावू नका.

कृष्णाकाठ_सांगली

४५६ च्या फुकट रिळांबद्दल कुणी बोललं नाही. नवीन रेकॉर्डिंगसाठी वापरू नका. बॉक्स उघडलेला नसला तरी फरक पडत नाही. त्या टेपेतला बाइंडर (चुंबकी कण टेपला धरून ठेवणारा थर) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारायला नको. ओळख सोपी आहे: वाजवताना टेप किंचाळते, हेडवर तपकिरी-काळा चिकटा बसतो, कधी मध्येच अडकते. तो चिकटा हेडवर बसला की वरचे स्वर सेकंदात जातात, मग तुम्ही बायस लावत बसाल आणि दोष सापडणार नाही.

त्या रिळांवर आधीचं कुणाचं मोलाचं रेकॉर्डिंग असेल तर भाजणं हा उपाय आहे. सुमारे ५४ अंश सेल्सिअस, आठ तास किंवा जास्त, मधूनमधून रीळ उलटं करत, आणि मग बंद असताना पूर्ण थंड होऊ द्यायचं. घरच्या केकच्या ओव्हनमध्ये नाही, त्याचा थर्मोस्टॅट पंधरा-वीस अंश इकडेतिकडे जातो. फळं वाळवायच्या यंत्राला बाहेरून थर्मामीटर लावून चालतं. भाजलेली टेप महिनाभर बरी वाजते तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. नंतर परत चिकट होते, म्हणून त्यावर नवीन गाणं घालायचं नाही. ॲसिटेटच्या जुन्या टेपा भाजायच्या नाहीत हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. उजेडासमोर रीळ कडेने धरलं आणि आरपार दिसलं तर ॲसिटेट.

रिळं फुकट मिळतायत तर धातूच्या रिकाम्या स्पूलांसाठी घ्या. नवीन टेप पॅनकेक म्हणून स्वस्त पडते, म्हणजे नुसती हबवर गुंडाळलेली, बाजूच्या चकत्या नाहीत. ती उचलताना मधला भाग खाली सटकला की ७६२ मीटर जमिनीवर. आडवी ठेवून, वरून चकती बसवूनच उचला. त्या स्पूलवर लावून घ्या.

साठवण: रेकॉर्ड झाल्यावर वेगात गुंडाळू नका, प्लेच्या वेगाने शेवटपर्यंत जाऊ द्या आणि तशीच टेल-आउट ठेवा. मग प्रिंट-थ्रूची जोरदार बाजू आवाजाच्या नंतर येते, ती गायनात विरून जाते. वाजवायच्या आधी एक-दोनदा मागेपुढे गुंडाळलं की तीही थोडी उतरते. झिपलॉक पिशवी, आत सिलिका जेल, बॉक्स उभा. आणि सांगलीत, विशेषतः नदीकडच्या गल्लीत असाल तर तळमजल्यावर टेप ठेवू नका. २०१९ चा महापूर पाहिलेल्यांना कारण सांगायला नको.

खर्जाची_तार (मिरज)

सगळ्यांचे आभार. वेळेचा मुद्दा खरंच डोक्यात नव्हता. बुवा ४५ मिनिटांत आटपतील याची खात्री नाही, म्हणून १९ आणि एसएम ४६८, सोबत डॉल्बी एसआर, याकडे कल आहे. दोन शंका: १९ वर तबल्याची चाट, म्हणजे किनार, दबणार नाही ना? आणि मशीन नॅबचं आहे की आयईसीचं (ईक्यूची दोन वेगळी मानकं), कसं कळेल?

ओव्हरबायस

दबू शकते. १९ वर वरच्या फ्रीक्वेन्सीत टेप लवकर भरते. म्हणून १९ वर शून्य व्हीयूच्या खाली ३ डीबी धरून चाला, पीक एलईडी लागलाच नाही पाहिजे. एसआर आहे तर तेवढी खरखर परवडते. एसआर स्वतःही खूप मोठ्या आवाजात वरची टोकं टेपला कमी देतो, तीही मदत होते. तबल्याचा माइक चाटेच्या बरोबर समोर न ठेवता थोडा वर आणि डग्ग्याकडे झुकवा, दोन-तीन डीबी तिथेच मिळतील.

नॅब-आयईसी मशीनच्या मागच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये. लिहिलेलं नसेल तर कॅलिब्रेशन टेपवरून दिसतं: १९ वर नॅब ५० मायक्रोसेकंद, आयईसी ७०. चुकीच्या टेपवर १० किलोहर्ट्झ जवळपास ३ डीबी एका बाजूला जाईल. दोन्ही चॅनल एकाच दिशेने आणि सारखेच गेले तर टेप चुकीची आहे. ट्रिमर फिरवायच्या आधी हे तपासा. कॅलिब्रेशन टेप मशीनच्याच ईक्यूची मागवा, महाग वस्तू आहे, दोनदा घ्यायला परवडत नाही.

सूतजवारी

एसआरवर जाणार असाल तर एक चाचणी करा, त्यापुढे माझा हट्ट नाही. नुसता तानपुरा दोन मिनिटं, मग त्यावर मधूनमधून डग्ग्याची एकच घुमक. एकदा एसआर लावून, एकदा न लावता, लेव्हल तीच. दोन्ही परत वाजवताना घुमकेकडे लक्ष देऊ नका, घुमक विरल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात जवारी बदलते का ते ऐका. हेडफोनवर, स्पीकरवर नाही. बदलत असेल तर लेव्हल जुळलेली नाही. तरीही बदलत असेल तर खालचा फुगा मोजा, ३० ते १०० हर्ट्झ दहा-दहाच्या पायरीने रेकॉर्ड करून. १९ वर तो फुगा ३८ च्या निम्म्या फ्रीक्वेन्सीवर सरकतो, म्हणजे ६९ हर्ट्झच्या बराच खाली. खर्जाच्या दृष्टीने १९ तुमच्या बाजूला आहे, हे मला मान्य करावं लागेल.

साताऱ्याचा_डग्गा

मिरजकर, माइक बी-७७ मध्ये थेट लावू नका. त्याचं माइक इनपुट अनबॅलन्स्ड आहे, फँटम (माइकला केबलमधून दिली जाणारी वीज) नाही. बाहेरचा प्रीॲम्प, मग ३६३, मग बी-७७ चं ऑक्स इनपुट. आणि मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी २४० च्या आसपास मिळतं, २२० वर ठेवलं असेल तर २४० वर न्या. सर्व्हिसिंगवाल्यांना विचारा की मेन्सवरचे जुने रिफा कपॅसिटर बदललेत का. पारदर्शक पिवळट आवरणाचे, तडे गेलेले असतात. आलापाच्या मध्यावर धूर निघण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं.

कृष्णाकाठ_सांगली

२६.५ चं रीळ लावताना नॅब अडॅप्टर (मोठ्या रिळाचं मधलं भोक मशीनवर बसवणारे) दोन्ही बाजूंना लागतील, आणि रिळं दोन्हीकडे एकाच मापाची लावा. समोरचा रीळ-मापाचा स्विच मोठ्यावर ठेवायला विसरू नका, टेन्शन त्यावरच ठरतं. बॉक्सवर वेग, ईक्यू, २५० नॅनोवेबर, डॉल्बी एसआर आणि टेल-आउट, हे पाचही पेनने लिहा. डॉल्बी न लिहिलेली टेप पुढे कुणी वाजवली की त्याला वाटतं रेकॉर्डिंगच कर्कश झालंय.